अकरा तास वीस मिनिटं

रविवार, १ मे २०१६. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी देवणी तालुक्यातल्या सिंदवाडीत मोटर बसवलेला एक ग्लायडर पाण्याच्या टँकरपुढच्या रांगेवर कोसळला. रांगेत एक्केचाळीस माणसं होती, त्यात बाया जास्त. सरजाबाई जागेवरच गेली. पारूबाई उदगीरच्या वाटेवर, रुग्णवाहिकेत गेली. सात जणी जखमी झाल्या. ग्लायडर चालवणारा श्रीमंत, म्हणजे गावचे बागायतदार हणमंतराव यांचा मुलगा, वाचला, पण कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं.

वेळ इतकी नेमकी सांगता येते ती केरबामुळे. इंजिन बंद पडताच त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. वीस वर्षं हवाईदलात विमानांचे सांगाडे दुरुस्त केले, पुढं बारा वर्षं कर्नाटकातल्या एका खाजगी क्लबात अशाच हलक्या यंत्रांवर पोरांना शिकवलं. काही घडलं की आधी घड्याळ पाहायचं, ही सवय तिथली.

सहा मिनिटांपूर्वी तो बौद्धवस्तीत आपल्या दारात दाढी करत होता. इंजिनाचा आवाज आला आणि त्याचा वस्तरा थांबला. कोणी परस्पर उडवू नये म्हणून ग्लायडरच्या इंजिनाचे दोन्ही प्लग तो रोज संध्याकाळी काढून घरी आणायचा. आत्ताही ते फळीवरच्या डब्यात होते. मग हे इंजिन कोणाच्या प्लगवर चाललं होतं? आवाजही बरोबर नव्हता, मधेच अडखळत होता. पुढे कळलं की श्रीमंतने एका जुन्या यझदी मोटरसायकलचे प्लग काढून बसवले होते. आट्या जुळल्या, प्लग बसले.

केरबा अर्ध्या दाढीने पळत सुटला.

गावाबाहेरच्या मैदानावर त्या दिवशी नव्या जिल्ह्यासाठी मेळावा होता. महाराष्ट्र दिनी उदगीर जिल्ह्याची घोषणा होणार, अशी बोलवा तीन महिने फिरत होती. आलेल्या पुढाऱ्यांवर वरून फुलं टाकायची, ही कल्पना हणमंतरावांची. गावात प्यायला पाणी नव्हतं, पण लातूरहून गुलाबाच्या पाकळ्यांची एक गोणी आली होती.

केरबाचा नियम होता की एप्रिल लागला की साडेसातनंतर उडायचं नाही. त्या साली शिवारात हिरवं पानही नव्हतं. उघडी काळी जमीन आठ वाजताच तापायची आणि तिच्यावरून गरम हवेच्या उकळ्या सुटायच्या. अशी उकळी एका पंखाखाली आली तर पंख उलथा करते. हे त्याने श्रीमंतला पाच महिने सांगितलं होतं.

मैदानावर पाकळ्या टाकून श्रीमंत खालूनच वळला. खाली रिकामं रान होतं. डावा पंख वर उचलला गेला. केरबा तेव्हा टँकरपासून शंभर पावलांवर होता. त्याला श्रीमंतचे हात दिसले. हातांनी समोरची दांडी पुढे ढकलली होती.

"आत घे! छातीकडं घे!" केरबा ओरडला. इंजिन अडखळलं, थांबलं आणि मग ओरडणं सगळ्यांनाच ऐकू गेलं.

यंत्र तिरपं खाली आलं. त्याचं पुढचं चाक सरजाबाईच्या मानेवर बसलं. पंखाची नळी मोडून तिचं टोक पारूबाईच्या पोटात शिरलं. घागरींवर घागरी कोसळल्या. आधी पाणी वाहिलं, मग रक्त. राहिलेल्या पाकळ्या अजून वरून येत होत्या.

केरबा पोचला तेव्हा पेट्रोलची नळी तुटलेली होती. पेट्रोल गरम इंजिनाशेजारून वाहत होतं. टँकरचा ड्रायव्हर तोंडात पेटती विडी घेऊन धावत येत होता. वाटेत बाया पडल्या होत्या. एकीने हात वर केला होता. तिचा दंड कोपरापर्यंत फाटला होता. ती पंचफुला, केरबाची बायको. केरबा तिला ओलांडून गेला. त्याने पेट्रोलची तोटी बंद केली, मग बटण बंद केलं, ड्रायव्हरच्या तोंडातली विडी हाताने ओढून मुठीत चुरली, आणि श्रीमंतचा पट्टा कापला. आधी इंधन, मग वीज, मग माणूस. हा क्रम त्याला एकोणिसाव्या वर्षी शिकवला होता.

लोकांना क्रम दिसला नाही. मरणाऱ्या बाया सोडून हा मशीन सांभाळतोय आणि मालकाच्या पोराला सोडवतोय, एवढं दिसलं.

सरजाबाईचा मुलगा मारोती टँकरवर नळी धरायचं काम करायचा. त्याच्या हातात नळीचं पितळी तोंड होतं. त्याने ते केरबाच्या तोंडावर मारलं. पहिल्या फटक्यात तीन दात गेले. दुसऱ्यात जबडा फुटला. केरबा खाली पडल्यावर बाकीचे आले. बरगड्यांवर लाथा बसल्या, कोणीतरी हातावर नाचलं. "शिकवतो का? शिकवतो का भाड्या?" एक जण प्रत्येक लाथेला विचारत होता. पंचफुला आठ हात लांब पडली होती. ती पाहत होती. ती ओरडली नाही.

*

नोव्हेंबरात श्रीमंत पहिल्यांदा केरबाच्या दारात आला होता. सव्वीस वर्षांचा, इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेला. क्लब बंद पडला तेव्हा तिथला एक जुना ग्लायडर हणमंतरावांनी त्याच्या हट्टापायी विकत घेतला होता. ट्रॉलीवर घालून आणला होता.

"सर, मला शिकवा," तो म्हणाला.

बागायतदारांच्या आळीतला कोणी केरबाच्या दारात उभा राहून सर म्हणेल, असं कधी झालं नव्हतं. गावात त्याला फौजी म्हणत. हवाईदल म्हणजे फौज नव्हे, हे सांगून तो थकला होता.

"माझा शिकवायचा परवाना दोन सालामागं संपला," केरबा म्हणाला. "आन् मशीनचं जुनं रजिस्ट्रेशन विक्रीबरोबर रद्द झालंय. नवं व्हईस्तोवर ते उडवता येत न्हाई."

"कोण बघायला येतंय इथं, सर?"

तेव्हाच आत जाऊन कडी लावायला हवी होती. केरबाने पायांत चपला घातल्या.

जानेवारीत तो रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरून हणमंतरावांच्या बैठकीत गेला. हणमंतरावांनी चष्मा लावून पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"जिल्हा लातूर लिव्हलास?"

"मग काय लिव्हावं, मालक?"

"उदगीर."

"उदगीर जिल्हा अजून झाला न्हाई."

"एक मेला व्हतोय. चार महिन्यानं पुन्हा बदलत बसू का? माझ्या नव्या गाडीला बी नंबर घेतला न्हाई मी. नव्या जिल्ह्याचा पहिला नंबर घेणार, गाडीला बी आन् इमानाला बी."

"इमानाचा नंबर दिल्लीहून येतो, मालक. त्याला जिल्हा नसतो."

"माझ्या वळूच्या कानात बिल्ला हाय. त्याच्या कागदावर जिल्हा हाय. देवणी वळूला जिल्हा, आन् एवढ्या महागाच्या इमानाला न्हाई?" हणमंतराव बैठकीकडे वळले. "फौजी हवेत लई राहिला. जमिनीवरचं त्याला उमगंना गेलंय."

बैठक हसली. केरबाही हसला. फॉर्म टेबलावर राहिला. आठ दिवसांनी रंगारी आला. त्याने पंखावरचा जुना नंबर खरवडून काढला आणि तिथे लाल अक्षरात 'उदगीर जिल्हा – १' असं रंगवलं. केरबाने बघितलं. शिकवणं त्याने थांबवलं नाही.

शिकवणीची निळी वही त्याने पहिल्या दिवसापासून ठेवली होती. तारीख, वारा, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, शेरा. एप्रिलअखेर बेरीज झाली होती अकरा तास वीस मिनिटं, सगळी केरबाला सोबत बसवून. पंचवीस तासांशिवाय तो कोणाला एकट्याने सोडत नसे. शेऱ्याच्या जागी नऊ वेळा एकच वाक्य होतं: घाबरला की दांडी पुढे ढकलतो, वेग जातो.

*

उदगीरच्या सरकारी दवाखान्यात केरबाचा जबडा तारेने बांधला. बोलता येत नव्हतं. पंचफुला दंडाला बावीस टाके घेऊन शेजारच्या खाटेवर बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली,

"तुमी मला वलांडून गेलाव."

त्याने नर्सने दिलेल्या पाटीवर लिहिलं: पेट्रोल.

"ते कळतंय मला. त्या डायवराची विडी मी बी बघितली. पर वलांडलं ते वलांडलंच की." मग तिने चमच्याने त्याच्या तारेतून भाताची पेज घातली.

त्याच दुपारी हणमंतराव आले. दोन दिवसांची दाढी वाढलेली. खाटेच्या कडेला बसले.

"नांदेडला हाय पोरगं," म्हणाले. "टाचणी टोचली तरी पाय हालवंना. त्याची माय पाय दाबत बसलीय दिवसभर. केरबा, तुला बी लेक हाय."

केरबाने मान हलवली. त्याची मुलगी पंचशीला भोकरला शिक्षिका होती.

हणमंतरावांनी डोळे पुसले आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला. केरबाने वाचला. यंत्र माझ्या मालकीचं. श्रीमंत यांना मी पूर्ण शिकवून एकट्याने उडण्यास पात्र ठरवलं. दिनांक १ रोजी ते माझ्या सांगण्यावरून उडाले. खाली केरबाचं पूर्ण नाव आणि सहीसाठी जागा.

"पोरगं आधीच मेल्यागत हाय. त्याला आन् मला कोर्टात फिरवून कुनाचं भलं व्हनार? तुला वकील मी देतो. जामीन मी देतो."

केरबाने कागद घडी घालून परत केला.

हणमंतराव उठले नाहीत. "वस्तीचा टँकर माझ्या बोअरवर भरतो," ते हळू आवाजात म्हणाले. "सरकारनं बोअर ताब्यात घेतलाय म्हनं. कागदावर घेतलाय. मोटारीचं बटन माझ्या शेतातल्या आखाड्यावर हाय."

"मालक," पंचफुला म्हणाली, "ह्यांचं तोंड शिवलंय. हात मोकळा हाय. काय लिव्हायचं ते लिव्हतील."

*

सोमवारी, ९ मेला हवालदार मलप्पा जबाब घ्यायला आले. केरबाने सात पानं लिहिली. मलप्पा पहिलं पान वाचून थांबले.

"फौजी, सुरवातीलाच सोताला आरोपी करून राहिले की तुमी? लोक शेवटाला बी लिव्हत न्हाईत असलं."

पहिल्या पानावर होतं: माझा परवाना संपला होता. यंत्राची नोंदणी झालेली नव्हती. दोन्ही मला माहीत असून मी शिकवलं. पुढच्या पानांवर वहीतल्या सगळ्या तारखा. सहाव्या पानावर यंत्राचा मालक, खरेदीची तारीख, आणि इंजिनावर कोरलेला नंबर. तोच नंबर हणमंतरावांच्या नावच्या खरेदीपावतीवर होता. पावतीची झेरॉक्स केरबाने फॉर्मसाठी काढून ठेवली होती, ती त्याने जोडली.

"पंखावरचं रंगवलेलं काय कामाचं न्हाई," मलप्पा म्हणाले. "सांगाड्यावर बी काय नंबर दिसला न्हाई. मंग त्यो इंजिनचा नंबरच तेवढा दुवा म्हना की."

केरबाने मान हलवली.

मंगळवारी वस्तीवर टँकर आला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी सकाळी बाया घागरी घेऊन बोअरवर गेल्या. आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आलेली पंचफुला पुढे होती, दंडाचे टाके अजून ओले होते. आखाड्यावर हणमंतरावांचे दोन गडी बसले होते. त्यांच्या हातात तुरीच्या शेताला कुंपण घालायचे लोखंडी खांब होते.

"फौजीच्या वस्तीला पानी दिल्लीहून यील," एक गडी म्हणाला. "तिथंच अर्ज लिव्हलाय न्हवं त्यानं?"

पंचफुलाने घागर नळाखाली ठेवली. पहिला खांब घागरीवर पडला, दुसरा तिच्या दंडावर. टाके उसवले. एका म्हातारीच्या डोक्यातून रक्त आलं. बाया पळाल्या नाहीत. त्यांनी दगड उचलले. एका गड्याचं नाक फुटलं, दुसऱ्याचा कान लोंबला. पोलीस येईपर्यंत बोअरच्या भोवतीची माती ओली झाली होती आणि एकही घागर भरलेली नव्हती. गुन्हा दोन्हीकडून नोंदवला गेला. बायांची नावं अकरा, गड्यांची दोन.

त्या संध्याकाळी मारोती दवाखान्यात आला. खाटेपाशी उभा राहिला. त्याने आपल्या आईचं दहाव्याचं मुंडण केलेलं नव्हतं. वस्तीत तसली रीत सोडून साठ वर्षं झाली होती, तरी सुतकासारखं डोक्याला फडकं मात्र त्याने बांधलं होतं.

"कशाला लिव्हलंस तू?" तो म्हणाला. "माय गेली. आता पानी बी गेलं. बायांवर केस झाली. गप दस्तखत केलं असतं तर एकटा तूच आत गेला असता."

केरबाने पाटी ओढली. लिहिलं: मग पुढचं पोरगं आणखी कोणाच्या अंगावर पडलं असतं.

मारोतीला वाचायला वेळ लागला. "लई शाना हायस. त्याला शिकवलास ना तू? किती शिकवलास?"

केरबाने लिहिलं: ११ तास २० मिनिटं.

"आन् किती लागतंय?"

२५.

मारोतीने आकडे दोनदा बघितले. मग खाली बसला. "लोक म्हनतेत, तू पेट्रोल बंद केलं म्हनून बाकीचे वाचले. खरं हाय का?"

केरबाने मान हलवली.

"मंग ते तवाच सांगायचं व्हतं की रं."

केरबाने बोटाने आपल्या तोंडाकडे दाखवलं, मग मारोतीच्या हाताकडे. मारोतीच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि लगेच त्याचं रडणं झालं. पुन्हा टाके घालून घ्यायला आलेल्या पंचफुलाने त्याला पाण्याचा तांब्या दिला. पाणी दवाखान्याच्या नळाचं होतं. तो अर्धंच प्यायला, उरलेलं त्याने झाकून ठेवलं.

*

मे संपला. जिल्ह्याची घोषणा झाली नाही. श्रीमंतचा जबाब डॉक्टरांनी दोनदा पुढे ढकलला. वस्तीला पंचायत समितीने दुसऱ्या गावाहून दिवसाआड टँकर सुरू केला, तो कधी यायचा, कधी नाही. हणमंतरावांनी यंत्र आपलं नाही असं लेखी दिलं. पावतीवरची सही आपली नाही, असंही दिलं. केरबाला अटक करून दहा हजारांच्या जामिनावर सोडलं आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरीची अट घातली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तारा निघाल्या. पहिल्या दिवशी त्याला फक्त अस्पष्ट बोलता आलं, शब्द दातांच्या रिकाम्या जागेतून सुटून जायचे. पंचफुला दंड चोळत म्हणाली, "बरं झालं. आता भांडता तरी यील." ओलांडून गेल्याचा मुद्दा त्यांच्यात तसाच राहिला होता. रात्री झोपताना ती त्याच्याकडे पाठ करायची आणि सकाळी त्याचा चहा आधी गाळायची.

दिल्लीच्या नागरी विमान खात्याचं पत्र ठाण्यात आलं. अशा वर्णनाचं कुठलंही यंत्र नोंदणीत नाही, म्हणून आपल्याकडे या अपघाताची नोंद घेता येत नाही, स्थानिक पोलिसांनी कारवाई करावी. स्थानिक पोलिसांनी आधीच लिहिलं होतं की बाब तांत्रिक आहे, दिल्लीहून मार्गदर्शन यावं.

सोमवारी, २० जूनला केरबा अकरा वाजता ठाण्यात गेला. हजेरीच्या वहीत सही केली. जाताना आवारात, बाभळीखाली टाकलेल्या अवशेषांकडे त्याने पाहिलं. पंखाचं कापड होतं. मोडलेल्या नळ्या, दोन खुर्च्या, तीन चाकं होती. मागच्या चौकटीवर चार बोल्ट उभे होते. बोल्ट तुटलेले नव्हते. पान्याने नीट सोडवलेले होते, आट्यांवरचं ग्रीस पुसलेलंही नव्हतं.

तो परत आत आला.

"इंजिन न्हाई."

मलप्पांनी वर पाहिलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "कूडरी, फौजी. बसा आधी."

"इंजिन कुठं हाय?"

"असंल इथंच कुठंतरी. मुद्देमाल हलवत्यात कधीमधी."

"कुनी हलवलं?"

"मला कसं ठावं? साहेब लातूरला गेलेत. आल्यावर इचारू."

"मंग एवढंच लिव्हून घ्या," केरबा म्हणाला. त्याचा स फुटत होता. त्याने सावकाश, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं. "आज, वीस जून, अकरा वाजून सात मिनिटं. आवारात इंजिन न्हाई. त्याचा नंबर माझ्या जबाबात सहाव्या पानावर हाय. चारी बोल्ट पान्यानं सोडवलेत."

"हे मी लिव्हू?"

"हाव."

"फौजी, माझी नोकरी तीन सालं राहिलीय."

"मी लिव्हतो. तुमी पोच द्या."

मलप्पांनी खिडकीबाहेर बाभळीकडे बघितलं. मग टेबलावरची वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "साहेब येऊ द्या."

"येऊ द्या," केरबा म्हणाला. तो खुर्चीवर बसला नाही.

दुपारी दोन वाजता एक माणूस बकरी हरवल्याची तक्रार देऊन गेला. तीन वाजता वीज गेली. पंचफुला बाहेर पायरीवर येऊन बसली. ती गावाहून कधी निघाली, हे केरबाला कळलं नव्हतं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत साहेब आले नव्हते. वही मिटलेली होती. केरबा टेबलापुढे उभा होता.